मागची बाजू

आधी पल्ला मोजला.
टेप मिलमध्येच राहिला होता, म्हणून शालनच्या दोन साड्या
टोकाला टोक लावून अंथरल्या,
त्यातून दोन हात कमी केले.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुरू झालेले दहा मीटर
मधल्या खोलीतून, मोरीजवळून जात
संपतात थेट परसातल्या भिंतीवर.
भिंतीपलीकडं गफ्फारभाईंची कबुतरं.

"बावन्न हैं," भिंतीवर हनुवटी टेकून ते म्हणाले,
"शाम कू बावन्नच उतरना."
धमकी नव्हती ती.
हिशेब होता.

मी रोलिंग मिलचा फिटर. मला वाटलं,
शिशाला काय, लोखंडानं अडवू.
भंगारातली तीन एमएमची प्लेट आणली,
भिंतीला टेकवून उभी केली, बंदोबस्ताच्या पोलिसासारखी ताठ.
संघमित्रानं पहिला छर्रा सोडला.
ठण्ण!
आणि तो परत आला.
माझ्या कानाजवळून गेला,
मोरीतल्या तांब्यावर वाजला, गटारीत पडला.
गॅस बारीक करत शालन म्हणाली,
"कबुतरं राहू द्या. आधी घरातलीच मोजा."

त्या रात्रपाळीत रोलमधून लाल सळई
सापासारखी वळत येताना बघत होतो.
गरम असेस्तोवर लोखंड म्हणाल तिकडं जातं,
थंड झालं की आलेला तसाच परत पाठवतं.
एवढं साधं. वीस वर्षं ह्याच कामात,
आणि तांब्याला पोचा पडल्यावर कळलं.

सकाळी प्लेटचं डोकं पुढं झुकवलं,
चाळीस-पंचेचाळीस अंश, डोळ्याच्या अंदाजानं,
म्हणजे लागला तरी खालीच जाईल.
खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये कुंडलिकेची वाळू.
पुढं मोसंबीचं खोकं, त्यात बारदान,
माझे गुडघ्यात फाटलेले मिलचे कपडे,
जिनिंगच्या झाडलोटीतला कापूस.
पायानं दाबून दाबून भरलं,
तरी खोक्याचं पोट अर्धंच.
तेव्हा शालननं पेटीच्या तळातून काढला
माझा लग्नातला सूट, तपकिरी, एकदाच घातलेला.
"कामून?" मी म्हणालो.
"ह्याच्यात आता तुमचा एक हात तरी जातो का?"

थप्प.
अंधारात कुणी उशीवर बोट टेकावं, तेवढाच.
थप्प.
मी मागच्या दाराला आतून कडी घातली,
भिंतीच्या वर, खाली, दोन्ही बाजूंना बघितलं,
कडी पुन्हा बघितली.
"बाबा, तुम्ही असं करता अन् माझा श्वास तुटतो," ती म्हणाली.
मधला ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा.
तिच्या कोच म्हणतात, ठिपका पुसट दिसला तर दिसू द्यायचा,
नजर पुढच्या कड्यावर ठेवायची.
ठेव बाई.
मागचं बघायला मी आहे.

एक छर्रा खोक्याच्या बाहेर गेला. एकच, मार्चमध्ये,
गणिताचा पेपर अवघड गेला त्या संध्याकाळी.
भिंतीच्या गिलाव्यात अजून आहे तो खळगा.
त्या दिवशी गफ्फारभाईंनी कबुतरं दोनदा मोजली.
मी पण मोजली, गच्चीवरून, त्यांना न दिसेल असं.
दुसऱ्या दिवशी अजून एक खोकं आणलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं उपसलं.
"शिसं हाय ते," शालननं बजावलं,
"साबणानं हात धुतल्याबिगर भाकरीला शिवायचं नाही."
चाळणीत छर्रे: चपटे, कडा उलगडलेले,
काही एकाच्या पाठीत एक घुसलेले.
वजन केलं तर दीड किलोच्या वर.
सुटाच्या आतल्या खिशात अकरा निघाले.
लग्नात त्याच खिशात
आहेराची पाकिटं कोंबली होती मामांनी.

भिंतीवर हनुवटी आली.
"कित्ते निकले?"
"खिशात अकरा."
ते हसले. मग वर बघून, ओठ हलवत,
सावकाश, एकेकाला नजरेनं खाली उतरवत राहिले.
"मेरे चौपन," म्हणाले.
"तेरी छोरी के ठोकाठोकी में
दो अंडे फूटे, मियाँ.
अंदर से."